सोंडवाल्या देवाचा ग

घाटनांदूर,
कार्तिक वद्य षष्ठी, शके १८३८

तीर्थरूप भिवराआत्याच्या पायांवर डोकं ठेवून, आणि तक्रार करण्यापुरतं लगेच वर उचलून, त्रिंबकचा नमस्कार.

माझी खाजगी शाळा छान चालली आहे. सुंदररावांनी गोठ्याला लागून जी पडवी दिली ती इतकी हवेशीर आहे की बैलांचा वास एका बाजूने येतो आणि दुसऱ्या बाजूने जाताना पुन्हा भेटतो. आम्ही पाढे म्हणतो, बैल ऐकतात. वर्षअखेर परीक्षा घेतली तर त्यांच्यातले एक-दोन पास होतील. गावात सरकारी मदरसा आहेच. तिथे उर्दू शिकून पोरं घरी गेली की आईला त्यांचं बोलणं कळत नाही. माझ्याकडे मराठी शिकून गेली की बापाला कळत नाही, कारण मी पुण्याहून मागवलेल्या पुस्तकातली मराठी शिकवतो. त्यात आ आगबोटीचा आहे. आगबोट घाटनांदुरात कोणी पाहिलेली नाही, मीही नाही. पोटात चूल असलेली नाव, असं मी सांगून टाकलं. तेव्हापासून पोरं 'चुलीचा आ' म्हणतात आणि मी त्यांना छड्या मारतो.

कोणी 'हाय' म्हटलं की मी 'आहे' म्हणायला लावतो, 'न्हाई' म्हटलं की 'नाही'. त्याचा फायदा असा झाला की आता कोणी काही बोलतच नाही. शाळेत एवढी शांतता पाहून सुंदरराव खूश आहेत.

हे सगळं ठीक आहे, पण त्यांची लेक शिवकन्या माझा जीव घेणार. ही सोयरीक तूच जुळवलीस, त्यामुळे तुलाच सांगतो. पोरगी आठ वर्षांची. गेल्या वैशाखात तुझ्या उमापूरच्या कमळाजीरावांच्या गणपतला दिली. मोठी होईपर्यंत माहेरी राहील आणि तोवर लिहायला-वाचायला शिकेल, असं दोन्ही घरांत ठरलं. लग्नानंतर लगेच माझ्याकडे बसू लागली. मुलांच्या मागे, उंबऱ्याला टेकून बसते. सगळे स्वर तिने चटचट उचलले, मलाच पुढचं शिकवायला दम लागला. मग क आला आणि पोरगी मुकी झाली. ख खणखणीत म्हणाली. ग आला, पुन्हा मुकी. घ पासून पुढे गाडी सुरळीत, ती थेट र पाशी येऊन चिखलात रुतली. उंदरांनी पोतं कुरतडावं तशी तिची बाराखडी मधे मधे भोकं पडलेली आहे.

समजावलं, रागावलं, कान धरून उभं केलं. ती जमिनीकडे बघत राहते. तेव्हा तू कमळाजीरावांच्या घरी जाऊन सांग की सून भाकरी उत्तम थापते, तेवढ्यावर भागवा.

आणि एक विचारतो. तुझ्या प्रत्येक पत्रात मी 'मास्तर' असतो. मास्तर होण्याआधी 'बाळ' होतो. माझं नाव तूच ठेवलंस असं बाबा सांगायचे. ठेवून कुठे विसरलीस की काय?

त्रिंबक

*

उमापूर,
मार्गशीर्ष शुद्ध चतुर्थी

चिरंजीव मास्तर यांस, आशीर्वाद तुझ्या वागण्याच्या मानाने जास्तच.

बोलणारी मी, लिहिणारे आडतीवरचे मुनीम राधाकिशन. मी बोलते तसं ते लिहीत नाहीत, शुद्ध करून लिहितात. त्यात माझ्या शिव्या गळून जातात, त्या तू जागोजागी आपल्या हाताने घालून घे.

आठ वर्षांच्या पोरीपुढे तू हात टेकलेस हे वाचून (म्हणजे ऐकून) अभिमान वाटला. एवढं पुण्याचं पुस्तक, एवढी छडी, आणि एक क पोरीच्या गळ्यातून निघेना. जीभ जड असेल. वेखंड उगाळून मधातून जिभेला लाव. तू तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हतास, तुला मीच लावलं होतं. तेव्हा जरा कमी लावायला हवं होतं असं आता वाटतं.

भाकरीचा निरोप मी देणार नाही. कौशल्याबाई, म्हणजे शिवकन्याची सासू, संक्रांतीला घाटनांदुरास येणार आहे. सोबत कमळाजीराव, आणि औरंगाबादेहून सुट्टीला आलेला गणपत. सगळ्यांसमोर सून वाचून दाखवणार, तेही मोठ्याने. गणपतच्या सोबत्यांच्या बायका म्हणे पत्रं लिहितात. काल कौशल्याबाई आमच्या ओसरीवर बसून म्हणाली, "वाचता न्हाई आलं तर तिला राहू द्या माहेरी. आमी दुसरी करू. पोराला जोडीची पाहिजे." हसत म्हणाली, पण ती हसत म्हणते तेच करते. थोरल्या जावेला तिने हसतच घराबाहेर काढलं.

मी त्यांना सोयरिकीच्या वेळी एवढंच म्हटलं होतं की माझा भाचा मास्तर आहे, पोरगी हळूहळू शिकेल.

(बाई म्हणाल्या होत्या की पोरगी आत्ताच पोथी घडाघडा वाचते. मी तिथे तुरीचा भाव सांगायला गेलो होतो. — राधाकिशन)

मुनीम काय खरडतात ते मला दिसतं पण कळत नाही. असो. संक्रांतीपर्यंत पोरगी वाचायला लागली पाहिजे. नाही वाचली तर आठ वर्षांची पोर टाकलेली म्हणून जन्मभर बापाच्या दारात बसेल, आणि माझ्या शब्दाला गावात कोणी विचारणार नाही. दुसरी गोष्ट आधी सांगायची होती, पण लाज वाटली.

नावाचं काय घेऊन बसलास. मास्तर म्हटलं की चारचौघांत मान वाढतो.

आत्या

*

घाटनांदूर,
मार्गशीर्ष वद्य द्वितीया

तीर्थरूप आत्या, तुझ्या वेखंडाला साष्टांग नमस्कार.

तुझं औषध केलं. शिवकन्याची जीभ संध्याकाळपर्यंत भाजत होती आणि मध पाहून बाकीच्या सगळ्या पोरांना एकाएकी अक्षरं म्हणता येईनाशी झाली. क, ग आणि र जिथे होते तिथेच आहेत. संक्रांतीचं ऐकल्यावर मात्र मी दिवस मोजायला लागलो आहे. तू सोयरीक जुळवताना पोथीपर्यंत गेलीस, मुनिमांनी मला कळवलं आहे. थांबायचं नव्हतंस, अजून चार वेद राहिले होते.

सुंदररावांनी मधे तिला घरी बसवली. म्हणाले, "मास्तर, तुमच्या साळंनं पोरगी येडी झाली. घरी लई बोलायची, आता कायबी इचारलं तर खाली बघती." पण घरी बसली ती चुलीतली राख जमिनीवर पसरून बोटाने काहीबाही काढत राहिली, एवढं की आजी वैतागली आणि तिनेच परत पाठवली. काय काढत होती ते आजीला सांगता आलं नाही. आजीने ते केरसुणीने वाचलं.

परत आल्यावर मी छडी बाजूला ठेवून तिच्याजवळ बसलो. पुस्तकात ग पाशी गणपतीचं चित्र आहे. आमचं बोलणं जसंच्या तसं देतो.

"हा कोण?"

"सोंडवाला देव."

"नाव काय त्याचं?"

"लाडू खातो त्यो."

"अगं, नाव सांग."

"मोठ्या पोटाचा हाय त्यो."

पोरं हसायला लागली. मी पान उलटलं. कमळ दाखवलं तर म्हणाली, "तळ्यातलं फूल." राम दाखवला तर, "सीताबाईचा धनी." गवताला 'बैलाचं जेवण' म्हणाली, गुळाला 'उसाचा खडा'. मग माझ्या लक्षात आलं की ही चित्र बघून बडबडते, अक्षराकडे बघतच नाही. म्हणून चित्रावर हात ठेवला आणि नुसतं अक्षर दाखवलं. ती ओठ आत घेऊन बसली. मी चिडून म्हटलं, एवढ्या मोठ्या देवाचं नाव घ्यायला तुझं काय जातं? तेव्हा ती रडली. फार रडली, आत्या. बैलसुद्धा मान वळवून बघायला लागले.

पोरगी मंद नाही. कवड्यांच्या खेळात सगळ्यांना हरवते. पण ही तीन अक्षरं तिला दिसतच नाहीत. मला आता मार्ग दिसत नाही, आणि हे मी थट्टेने लिहीत नाही.

त्रिंबक

*

उमापूर,
मार्गशीर्ष वद्य दशमी

चिरंजीव मास्तर यांस,

तुझं पत्र राधाकिशन वाचत होते आणि मी निवडायला घेतलेलं धान्य सांडेपर्यंत हसले. 'सीताबाईचा धनी' ऐकल्यावर हसणं थांबलं आणि डोळ्यांना पदर लावला. मुनीम विचारत होते, बाई, नक्की काय झालं. तुम्हा शिकलेल्या पुरुषांना काय झालं ते कधी कळणार, देव जाणे.

अरे मास्तर, तुझ्या त्या पुस्तकात पोरीचं सगळं सासर बसलेलं आहे. क म्हणजे तिचा सासरा. ग म्हणजे नवरा. र म्हणजे थोरला दीर, कारण कमळाजीरावांच्या वडील मुलाचं नाव रामहरी. सोंडवाल्या देवाचं नाव घेतलं की नवऱ्याचं घेतल्यासारखं होतं. अंगाची हळद निघायच्या आत तिच्या आजीने तिला बजावलं असणार की सासरच्यांची नावं तोंडातून काढायची नाहीत, काढली तर त्यांचं आयुष्य कमी होतं. आम्हाला सगळ्यांना असंच बजावलं. आम्ही नाव तेवढं गाळतो. पोर लहान, तिने अख्खं अक्षरच गाळून टाकलं, चुकून कोणाचा जीव जायला नको म्हणून. आणि तू तिला वर्गापुढे उभी करून रोज सांगतोस, घे नवऱ्याचं नाव, नाहीतर धर कान. तिला वाटत असेल, मास्तरच्या मनात आपल्या सासरचं वाटोळं करायचं आहे.

तुला हे माझ्यावरून कळायला हवं होतं. तुझं बारसं झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते. एकुलती एक आत्या. पाळण्यात वाकून तुझ्या कानात नाव मीच सांगितलं, मीच निवडलं होतं, आणि दिवसभर ते म्हणत घरात नाचले. पुढे दोन पावसाळे गेले आणि माझं लग्न ठरलं. मुलगी म्हणून मला कोणी काही विचारलं नाही, सांगितलं नाही. मांडवात भटजींनी नवऱ्याचं नाव घेतलं तेव्हा कळलं की ते तुझंच नाव आहे. मी रडले तर आई म्हणाली, सासरी जायचं म्हणून रडते.

त्या दिवसापासून तुझं नाव माझ्या तोंडाला बंद झालं. माहेरी आले आणि तू विहिरीकडे दुडुदुडु पळालास, तर मला हाक मारता येईना. 'अरे ए, अरे ए' करत धावले आणि तुला पायाला धरून ओढलं. नाव ठेवलं मी, आणि गावातली सगळी माणसं ते घेत होती माझ्याखेरीज. म्हणून तू मास्तर. मान-बिन काही नाही, तो मी तुला उगाच चढवला होता.

(पत्रावर पत्ता घालताना बाई दरवेळी म्हणतात, 'त्यांचंच नाव घाला.' कोणाचं, ते मी समजून घेतो. — राधाकिशन)

पण रोग कळला म्हणून पोरगी वाचेल असं नाही. कौशल्याबाई म्हणणार, मोठ्याने वाच. वाचताना सासऱ्याचं नाव पोरीच्या तोंडून निघालं, तर तीच कौशल्याबाई म्हणणार, बेशरम आहे. नाही निघालं तर म्हणणार, अडाणी आहे. वाचणारी सून पाहिजे आणि न बोलणारी सून पाहिजे, या दोघी एका अंगात कशा बसवायच्या ते त्यांच्या घरात कोणी विचारलेलं नाही. मला यातून वाट दिसत नाही. तू शिकलेला आहेस ना, तू काढ.

आत्या

*

घाटनांदूर,
पौष शुद्ध द्वितीया

तीर्थरूप आत्या,

तुझं पत्र वाचून मला लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. बावीस पोरांमध्ये मला शहाणी सापडली ती एक, आणि मी तिचेच कान धरायला लावत होतो. असो. आता कामाचं सांगतो.

पुस्तक मी बैलांच्या गव्हाणीवर ठेवलं आहे. शिवकन्यापुढे धूळपाटी ठेवली, माती सारखी केली आणि म्हटलं, तोंडात मिठाची गुळणी धर, एक शब्द बोलायचा नाही. सोंडवाला देव कोण, ते बोटाने सांग. मग वाकून तिने ग काढला. मग ण. थांबली नाही, सगळं नाव काढून मोकळी झाली. आणि वर आढ्याकडे बघितलं, काही पडतं का ते पाहायला. काही पडलं नाही. तेव्हा ती जी हसली, तशी या शाळेत कोणी हसलेलं नव्हतं. माझ्या शाळेत हसायची सोयच नव्हती. चुलीच्या राखेत ती काय काढत होती, हेही आता मला कळलं.

बंदी जिभेवर आहे, बोटावर नाही. पक्कं करायला मी तिच्या आजीकडे जाऊन विचारलं. आजीने विचार केला आणि म्हणाली, "लिवायचं न्हाई असं मला कुणी सांगितलंच न्हाई. आमच्या वक्ताला लिवत हुतं कोन?" शास्त्रार्थ संपला.

त्या दिवसापासून पोरीने जे चालवलं आहे ते विचारू नकोस. बोलायला जे बंद ते सगळं ती लिहिते. आणि तिचं बघून मी बाकीच्यांचंही तोंड उघडलं. आता सकाळी आधी बोलणं, मग अक्षर. रात्री घरी काय झालं ते पोरं आपल्या बोलीत सांगतात, 'हाय' आणि 'न्हाई' सकट, आणि त्यातलाच एखादा शब्द आम्ही पाटीवर उतरवतो. आ आगबोटीचा गेला, आता आ आज्जीचा आहे आणि ती सगळ्यांनी पाहिलेली आहे. काल एका पोराने म्हशीला रेडकू झाल्याचं एवढं लांबण लावलं की म पासून ड पर्यंत सगळी अक्षरं त्यातच आटोपली. शाळेत आता इतका गोंगाट आहे की सुंदरराव म्हणतात, बैलांना विसावा मिळत नाही. त्यांना मी सांगितलं की बैलांना दुसऱ्या शाळेत घाला.

आता तुझं काम. कौशल्याबाईंनी वाचायला न सांगता लिहायला सांगितलं पाहिजे. ते त्यांच्या मनात कसं घालायचं ते मी तुला शिकवणार नाही. जिने पोथी घडाघडा वाचायला लावली तिला हे काय अवघड आहे.

त्रिंबक

*

उमापूर,
पौष शुद्ध दशमी

चिरंजीव मास्तर यांस,

काम झालं. कौशल्याबाईला म्हटलं, वाचून काय, वाचल्यासारखं पाठ म्हणून दाखवतात हल्ली, पिंजऱ्यातले राघूसुद्धा बोलतात. मोठ्या घरात आता लिहून घेतात, त्यात फसवाफसवी चालत नाही. तिला 'मोठ्या घरात' एवढंच ऐकू गेलं. उद्या ती गावभर सांगेल की लिहून घ्यायचं तिलाच सुचलं.

मंडळी परवा बैलगाडीने निघतील. मी येणार होते, पण आमचे घरधनी पाय मुरगळून बसले आहेत आणि पाणीसुद्धा हातात द्यावं लागतं. मुरगळायला पायाला बरोबर संक्रांत सापडली. काय होईल ते सगळं कळव, काही गाळू नकोस. मला रात्री झोप लागत नाही, पोर माझ्या शब्दावर दिलेली आहे.

(बाईंनी दुकानातली पाटी मागून नेली आहे, परत देत नाहीत. विचारलं तर भाव लिहून ठेवते म्हणाल्या. भाव मीच त्यांना सांगतो. — राधाकिशन)

आत्या

*

घाटनांदूर,
पौष वद्य सप्तमी

तीर्थरूप आत्या, पाय मुरगळलेल्या आतोबांना माझा नमस्कार सांग, आणि त्यांच्यामुळे तू काय चुकवलंस तेही सांग.

तिळगूळ झाला, जेवणं झाली. सुंदररावांच्या ओसरीवर घोंगडी घातली आणि सोयरे मंडळी कोर्टातले सगळे न्यायाधीश बसावेत तशी बसली. शिवकन्याला नऊवारी नेसवली होती, ती लुगड्यात आहे का लुगडं एकटंच उभं आहे ते कळत नव्हतं. मी धूळपाटी ठेवली.

कौशल्याबाई म्हणाल्या, "आमच्यात आता लिवून घ्यायची पद्धत हाय." तुझी पद्धत मी लगेच ओळखली.

"काय लिवू?" पोरीने विचारलं.

कमळाजीराव म्हणाले, "आमच्या घरच्या मानसांची नावं लिव."

त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं, पण मागितलं नेमकं तिला बंद असलेलंच. पोरगी मात्र वाकली आणि लिहू लागली. एकेक नाव, खालोखाल. शेवटचं लिहिलं आणि त्याच्यावर तळहात आडवा धरला.

"आता वाच," कौशल्याबाई म्हणाल्या. सवय जात नाही.

पोरीने ओठ आत घेतले.

"वाचता येत न्हाई व्हय?"

"येतं," ती म्हणाली. "पर ही नावं मी घेऊ कशी?"

वाचून घ्यायचं म्हणजे काय घ्यायचं, हे त्या घराच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. मग कमळाजीराव गालात हसले आणि म्हणाले, "गणपतराव, तुमी वाचा. तुमी शिकलेले."

तू जुळवलेले जावईबापू पुढे सरसावले. टोपी नीट केली. पाटीकडे बघितलं, मग पाटीच्या दुसऱ्या बाजूने येऊन बघितलं. उजवीकडून सुरुवात केली. सरकारी शाळेत त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं, मराठी अक्षर गेल्या कित्येक वर्षांत डोळ्यांनी पाहिलेलं नाही. घरी पत्रंसुद्धा उर्दूत येतात आणि कमळाजीराव ती तहसिलीतल्या कारकुनाकडून ऐकतात. एवढ्या थोर घराला जोडीची सून हवी होती ती अशी. लिहिणारीला बोलायची बंदी, आणि ज्याला बोलायची मुभा त्याला वाचता येईना. नीट दिसावं म्हणून त्यांनी पाटी कलती केली, तशी माती घसरली आणि सासऱ्यांचा क गेला.

"राहू द्या, गणपतराव," कमळाजीराव म्हणाले. "बापाला न्हाई सांडायचं. मास्तर, वाचा तुमी."

पोरीने क पुन्हा काढला. मी वाचलं. कमळाजी. रामहरी. तिसऱ्या नावाला कौशल्याबाई पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "ह्ये माझं हाय?"

मी हो म्हटलं.

या वेळी त्या हसल्या नाहीत. बोट त्या नावाजवळ नेलं आणि टेकवलं नाही. एवढी वर्षं त्या नावाने जगल्या, पण ते दिसतं कसं ते त्यांना माहीत नव्हतं. मग पोरीने हात उचलला आणि मी शेवटचं नाव वाचलं. जावईबापू कानापर्यंत लाल झाले.

निकाल तुला ऐकायचा असेल. कौशल्याबाई म्हणाल्या, सून मोठी होऊन येईपर्यंत शाळेत बसेल, आणि गणपत दर सुट्टीत मुनिमांकडे मराठी अक्षरं गिरवेल. "पोरीला जोडीचा पाहिजे," असं म्हणाल्या. दुसरीचं कोणी नाव काढलं नाही. वारा सुटला होता, तेव्हा कोणी ती धूळपाटी झाडायला उचलली, तर कौशल्याबाईंनी ओरडून थांबवलं. स्वतः दोन्ही हातांनी धरून आत नेली आणि देवापुढच्या कोनाड्यात ठेवली. शाळेची तेवढी एकच चांगली पाटी होती. मागायची माझी हिंमत झाली नाही.

तू सुखाने झोप.

त्रिंबक

*

उमापूर,
चैत्र शुद्ध पंचमी, शके १८३९

चि. त्रिंबक

हे पत्र मी लिहिलं. राधाकिशननी नाही. त्यांची पाटी आहे. देणार नाही.

इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावू नको. पहिली ओळ लिहायला सगळा माघ गेला. पहिल्यांदा लिहिली तेव्हा मीपण वर बघितलं. काही पडलं नाही. मग दिवसभर लिहिली. भिंतीवर पण. तू पाळण्यात होतास तेव्हा दिवसभर म्हणत होते तशी.

डोळ्यांत पाणी येतं म्हणून अक्षर वाकडं आहे. हसू नको.

गणपत परवा अक्षरं गिरवत होता. माझ्याहून वाईट येतात.

हे जवळ बसले आहेत. विचारतात वर काय लिवलं. मी म्हटलं भाच्याचं नाव. म्हणाले वाचून दाखीव. मी म्हटलं मला लिवायचं तेवढं येतं. वाचायचं तुमी शिका.

भिवरा